निष्ठा, दगा आणि मोकळीक : आपल्या राजकीय शब्दांची उलटतपासणी

मागे उभे असलेल्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

आजचा विषय शब्दांचा आहे. तीन गट घेऊ. पहिला निष्ठेचा: इमान, एकनिष्ठ, निष्ठावंत, गद्दार, फितूर. दुसरा फसवणुकीचा: दगा, धोका, कावा, दिशाभूल. तिसरा स्वातंत्र्याचा: मुभा, मोकळीक, सूट, स्वराज्य, स्वैराचार. हे शब्द सकाळच्या पेपरात असतात, रात्रीच्या चॅनेलवर असतात, आणि मधल्या वेळात आपल्या तोंडी असतात. आमचं म्हणणं असं की यातल्या बऱ्याच शब्दांच्या पोटात एक जुना करार बसलेला आहे. करार करणारे गेले, राज्यं गेली, पण शब्द आपल्याकडून त्याच कराराची वसुली करतात. त्यामुळे नागरिक म्हणून बोलायला तोंड उघडावं, तर आतून चाकराची भाषा बाहेर येते.

सुरुवातीलाच एक खुलासा. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. हिंदीच्या ‘हम’ला हा फरक दाखवता येत नाही. राजकारणाची पहिली रेघ आपण इथेच, सर्वनामात ओढतो. ‘तो आपला माणूस आहे’ हे वाक्य घ्या. या वाक्यावर महाराष्ट्रात शाळेच्या प्रवेशापासून विधानसभेच्या उमेदवारीपर्यंत काहीही मिळतं. तो माणूस काय विचार करतो हे कुणी विचारत नाही. आजच्या भाषणात ‘आम्ही’ म्हणजे बोलणारा आणि या टिपणांवर त्याच्याशी भांडलेले दोघंतिघं. ‘आपण’ म्हणजे या सभागृहातले सगळे, न पटलेले धरून.

खाल्लेलं मीठ

निष्ठेसाठी मराठीतला सगळ्यात घरगुती वाक्प्रचार कुठला? खाल्ल्या मिठाला जागणं. आणि शिवी कुठली? निमकहराम. शेजारी ‘इमान’ आहे. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा, ईश्वरावरचा विश्वास. मराठीत हा शब्द आला आणि धन्याच्या दाराशी जाऊन बसला. आज आपण ‘इमानी’ हे विशेषण सगळ्यात जास्त कुणासाठी वापरतो? कुत्र्यासाठी. शाळेतल्या पहिल्या निबंधापासून. ईश्वरावरची श्रद्धा ते ‘इमानी प्राणी’, एवढा प्रवास या शब्दानं केला, आणि राजकीय कार्यकर्त्याला शाबासकी देताना तोच शब्द आपण पुन्हा वर काढतो. त्यात अपमान आहे हे देणाऱ्याला कळत नाही, घेणाऱ्यालाही नाही.

पण थांबा, या जुन्या कराराची चेष्टा करून पुढे जाता येणार नाही. मिठाचा करार दोन बाजूंचा होता. चाकरानं जागायचं, पण धन्यानं मीठ द्यायचं. पगार थकला की शिपाई धन्याच्या दाराशी धरणं धरून बसत. ब्रॉटन नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. त्याच्या पत्रांत थकलेल्या पगारासाठी धरणं धरणाऱ्या फौजेची वर्णनं आहेत. धरणं म्हणजे फितुरी नव्हे. ती वसुलीची ओळखीची रीत होती. चाकराची निष्ठा होती, पण तिला मुदत होती, अटी होत्या.

आता आजची गंमत बघा. करार तोच राहिला, पण मीठ कुणाचं हे आपण विसरलो. आमदाराचं मानधन, मंत्र्याची गाडी, विश्रामगृहातला चहा, सगळं मीठ करदात्याच्या डब्यातलं. काडेपेटी विकत घेणारी बाईसुद्धा कर भरते. म्हणजे जागायचं कुणी? वाक्प्रचाराचा हिशेब लावला तर पुढाऱ्यानं मतदाराला जागायला हवं. प्रत्यक्षात रेशनचं धान्य घरी आलं की आपण म्हणतो, ‘साहेबांनी दिलं’. आपल्याच पैशाचं मीठ खाऊन आपणच जागत बसतो. शब्द जुना राहिला आणि सत्तेचा प्रवाह उलटा झाला, की असं होतं.

वतन आणि फितवा

दुसरा शब्द वतन. हिंदी गाण्यात ‘वतन’ आला की डोळ्यांपुढे देश येतो, झेंडा येतो. मराठी कागदपत्रात ‘वतन’ आलं की पाटीलकी येते, कुलकर्ण येतं, देशमुखी येते. अरबीत मूळ अर्थ राहण्याचं ठिकाण. एका भाषेत त्याचा देश झाला, आपल्याकडे वंशपरंपरेचा हक्क झाला. देशप्रेमाला आणि मिरासदारीला एकच शब्द दोन शेजारी भाषांत असावा, हे आम्हाला फार बोलकं वाटतं.

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यात वतनदारांविषयी जे सांगितलं आहे त्याचा सारांश असा: हे लोक म्हणजे राज्यातले छोटे छोटे स्वतंत्र नायक, परचक्र आलं की वतन राखण्यासाठी शत्रूशी आधी हेच संधान बांधतात. अमात्यांची तक्रार खरीच होती. पण वतनदाराच्या बाजूनं पाहा. त्याची निष्ठा वतनाशी होती, आणि ती त्यानं पक्की पाळली. राजे बदलले, त्याचं गाव बदललं नाही.

इथे ‘फितवा’ येतो. आंद्रे विंक या डच इतिहासकारानं १९८६ च्या आपल्या ग्रंथात फितवा हा शब्द अरबी ‘फितना’शी जोडला आणि असं मांडलं की ज्याला बखरी-कागदपत्रं फितवा म्हणतात, तीच त्या काळात राज्य उभं करण्याची नेहमीची पद्धत होती. समोरच्याचा सरदार इनाम-वतनाची सनद देऊन आपल्याकडे ओढायचा. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना मारल्यानंतरचा काळ आठवा. एकीकडे औरंगजेब, दुसरीकडे जिंजीहून राजाराम महाराज, दोघंही सरदारांना सनदा देत होते. विंक यांची सगळी मांडणी मान्य करायची गरज नाही. आम्हालाही ती थोडी सरसकट वाटते. धान्यासारखी निष्ठा रोज बाजारभावानं विकली जात होती असं मानलं, तर मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्या माणसांचा अर्थच लागत नाही. पण एक गोष्ट त्यांनी नेमकी पकडली. तिकडचा आपल्याकडे आला तर ‘रुजू झाला’, आपला तिकडे गेला तर ‘फितला’. कृती एक, क्रियापदं दोन.

आणि आजची वर्तमानपत्रं बघा. आपल्या पक्षात आला तर ‘पक्षप्रवेश’, ‘घरवापसी’, ‘इनकमिंग’. गेला तर ‘गद्दारी’. अरबी ‘फितना’ ज्या धातूवरून आला त्याचा एक जुना अर्थ सोनं आगीत घालून पारखणं असा देतात. आपल्याकडे पारख कमी झाली, आग तेवढी राहिली.

‘गद्दार’चीही गोष्ट ऐका. अरबी ‘गद्र’ म्हणजे विश्वासघात. त्यावरून गद्दार, आणि त्यावरूनच हिंदुस्थानात ‘गदर’, म्हणजे बंड. १९१३ च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हिंदी क्रांतिकारकांनी पत्र काढलं आणि त्याचं नावच ठेवलं ‘गदर’. सरकार ज्याला विश्वासघात म्हणतं तेच आमचं काम, असं त्यांनी नावातच सांगून टाकलं. आपल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे त्याच चळवळीतले. १९१५ च्या नोव्हेंबरमध्ये लाहोरला त्यांना फाशी झाली. त्यांच्यावरचा आरोप एका शब्दात सांगायचा तर राजाशी गद्दारी. आज त्यांचं नाव आपण हुतात्म्यांत घेतो. म्हणजे गद्दार हा शब्द माणसाचं वर्णन करत नाही. बोलणारा कुठे उभा आहे ते सांगतो. तो ऐकला की पहिला प्रश्न ‘कुणाशी?’ हा हवा. आपण तो विचारत नाही, कारण त्या शब्दात टाळ्या भरलेल्या असतात.

कावा कोणाचा?

आता फसवणूक. गंमत अशी की मराठीत ‘धोका’ म्हणजे संकट, हिंदीत ‘धोखा’ म्हणजे फसवणूक. घाटातल्या ‘धोक्याचे वळण’ या पाटीवर एखादा हिंदी भाषिक विचारात पडला असेल, की हे वळण कुणाला फसवतं? अलीकडे मराठीतही ‘त्यानं मला धोका दिला’ असं सर्रास म्हणतात. जुनी मराठी ‘दगा दिला’ म्हणाली असती.

‘कावा’ जास्त रंजक आहे. घोड्याला गोल फिरवणं, वळसा देणं, हा त्याचा स्वारीतला अर्थ. सरळ न जाता फिरून जाणं, यावरून डावपेच. ‘गनीम’ अरबी शब्द, अर्थ शत्रू. मोगलांच्या लेखी मराठे गनीम होते. म्हणजे ‘गनिमी कावा’ या शब्दात आपण आपल्याकडे शत्रूच्या नजरेनं पाहतो आणि वर छाती फुगवतो. यात वाईट काही नाही. मोठ्या फौजेपुढे लहान फौजेनं कसं लढायचं याचं ते शास्त्र होतं. वाईट पुढे झालं. रणातला शब्द आपण सभागृहात आणला. रणात समोर शत्रू होता. निवडणुकीनंतर एका रात्रीत आघाडी बदलणाऱ्याचा ‘गनिमी कावा’ म्हणून मथळा येतो, तेव्हा फसलेला कोण? मतदार. मग मतदार शत्रू झाला काय?

असाच ‘मुत्सद्दी’. हिंदीत मुत्सद्दी म्हणजे कारकून, हिशेबनीस. मराठीत तो राजनीतिज्ञ झाला. ‘राजकारण’ या शब्दाचा जुन्या मराठीत एक अर्थ गुप्त मसलत, आतली बोलणी. आज आपण ऑफिसात म्हणतो, ‘इथे फार राजकारण चालतं’. आणि खुद्द पुढारीच म्हणतात, ‘या प्रश्नाचं राजकारण करू नका’. ज्याचा धंदा राजकारणाचा तोच त्या शब्दाला घाणेरडा म्हणतो, असा दुसरा व्यवसाय दाखवा! शिक्षक म्हणेल का, या प्रश्नाचं शिक्षण करू नका?

फसवणुकीचे आपले सगळ्यात सभ्य शब्द मात्र दोन: ‘आश्वासन’ आणि ‘दिशाभूल’. आश्वासन म्हणजे मुळात धीर देणं, श्वास परत आणणं. कुणी गेलं की आपण भेटायला जातो, ते खरं आश्वासन. वचन मोडतं; धीर कसा मोडेल? म्हणून वचन देण्यापेक्षा आश्वासन देणं सोयीचं. दिलं, ऐकणाऱ्याला बरं वाटलं, काम झालं. आणि ‘दिशाभूल’ बघा: भूल पडलेल्याची, वाट चुकलेल्याची. ‘जनतेची दिशाभूल झाली’ असं म्हटलं की खोटं बोलणारा वाक्यातून नाहीसा होतो आणि जनता बावळट ठरते. ‘अमुक माणूस अमुक दिवशी खोटं बोलला’ हे वाक्य मराठीत शक्य आहे, व्याकरणात बसतं. सार्वजनिक जीवनात ते आपण फार क्वचित उच्चारतो.

सरकारवर प्रेम करा

आता कायद्याकडे. १८७० साली भारतीय दंड संहितेत राजद्रोहाचं कलम आलं, १२४ अ. त्यातला कळीचा इंग्रजी शब्द ‘डिसअफेक्शन’. मराठीत त्याला ‘अप्रीती’ म्हणतात. १८९७ साली टिळकांवर केसरीतल्या लिखाणाबद्दल मुंबईच्या हायकोर्टात खटला झाला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावताना या शब्दाचा अर्थ सांगितला: प्रीतीचा अभाव. पुढे त्यात द्वेष, शत्रुत्व, तुच्छता, सगळं घातलं. पण सुरुवात तिथून. ज्यूरीचा कौल सहा विरुद्ध तीन, शिक्षा अठरा महिन्यांची. पुढच्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि व्याख्या आणखी रुंदावली.

विचार करा, केवढी मागणी आहे ही! कर द्या, कायदा पाळा, एवढ्यानं भागत नाही. प्रीती हवी. मिठाच्या करारात निदान मीठ तरी होतं. इथे राज्यकर्ता म्हणतो, मीठ मी देईन न देईन, तू मात्र मनातून माझ्यावर प्रेम कर. केलं नाहीस तर तुरुंग. १९२२ साली अहमदाबादच्या कोर्टात गांधीजींनी याच कलमाखाली गुन्हा कबूल केला आणि नेमक्या याच जागी बोट ठेवलं. प्रीती कायद्यानं निर्माण करता येत नाही, हा त्यांच्या निवेदनातला मुद्दा. शिक्षा सहा वर्षांची.

मध्ये १९०८ चा टिळकांचा दुसरा खटला. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख मराठी. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. म्हणजे लेख कोर्टापुढे इंग्रजी भाषांतरातून उभे राहिले. टिळक आपल्या बचावात एकवीस तासांहून अधिक बोलले, आणि त्यातला मोठा वाटा शब्दांवर खर्च केला. अमुक मराठी शब्दाला इंग्रजी शब्द भडक योजला आहे, मूळचा अर्थ असा नाही, मराठीत राजकीय चर्चेची परिभाषा अजून घडते आहे. आपल्या आजच्या विषयावरचं ते पहिलं मोठं व्याख्यान म्हटलं तरी चालेल, फक्त ते आरोपीच्या पिंजऱ्यातून झालं. ज्यूरी सात विरुद्ध दोन, काळं पाणी सहा वर्षं. शब्दाचा अर्थ कोण ठरवतो यावर माणसाची सहा वर्षं जाऊ शकतात.

स्वातंत्र्य आलं, कलम राहिलं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टानं त्याला हिंसेच्या चिथावणीची मर्यादा घातली, मे २०२२ मध्ये ते स्थगित ठेवलं, आणि १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. ‘राजद्रोह’ हा शब्द तिच्यात नाही. १५२ वं कलम सार्वभौमत्व, एकता, अखंडता यांना धोक्यात आणणाऱ्या कृत्यांबद्दल बोलतं. पण कायद्यातून शब्द जाण्याच्या कितीतरी आधी बोलण्यातून तो गेला होता. आपण राजद्रोह म्हणणं सोडलं आणि देशद्रोह म्हणू लागलो. ऐकायला सुधारणा वाटते. आम्हाला ती अधोगती वाटते. ‘राजद्रोह’मध्ये राजा उघडा होता. तो वेगळा, देश वेगळा. टिळकांना म्हणता येत होतं की मी देशाचा, म्हणूनच तुझा नाही. ‘देशद्रोह’मध्ये सत्ताधारी देशाच्या पाठीमागे जाऊन उभा राहतो. टीका त्याच्यावर केली तरी जखम देशाला झाली असं सांगता येतं. हे कुठल्याही एका पक्षाबद्दल नाही. सत्तेवर आलेल्या प्रत्येकाला ही पाठीमागची जागा आवडते.

मुभा

तिसरा गट. मराठीत स्वातंत्र्य हा एकच शब्द पंधरा ऑगस्टलाही चालतो आणि मुलीनं रात्री किती वाजता घरी यायचं यालाही. देशाचं आणि व्यक्तीचं, दोन्हीला तोच. यातलं पहिलं मिळालं म्हणजे दुसरंही मिळालं असा समज त्यातूनच होतो.

‘स्वराज्य’ बघा. १७१९ साली मराठ्यांना मोगल बादशहाकडून सनदा मिळाल्या: चौथाईची, सरदेशमुखीची आणि स्वराज्याची. तिथे स्वराज्य म्हणजे शिवाजी महाराजांच्या ताब्यातला मूळ मुलूख, हिशेबातला एक विभाग. १९०६ साली दादाभाई नौरोजींनी काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून स्वराज्य मागितलं, तेव्हा तो मुलखाकडून माणसांकडे आला. पण एकेका माणसाकडे? तिथे आपली भाषा आजही अडखळते.

लग्नाच्या जाहिराती वाचा. ‘मुलीस नोकरीची मुभा’. अरबी ‘मुबाह’, म्हणजे धर्मानं मना न केलेलं. मुभा कुणीतरी देतं. ‘आमच्याकडे सुनांना पूर्ण मोकळीक आहे’ असं कौतुकानं सांगतात; मोकळीक आहे, पण ‘आमच्याकडे’ आहे, ‘सुनांना’ आहे. आणि ‘आम्ही तिला सूट दिली’. सूट तर दोरीला देतात. तिन्ही शब्दांत दोरीचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातात आहे, आणि देणारे भलेच आहेत! वाईट माणसाशी भांडता येतं. ज्यानं प्रेमानं मुभा दिली त्याला ‘ही तुमची नव्हतीच द्यायची’ असं कसं सांगायचं?

आणि कुणी स्वातंत्र्य म्हणालं रे म्हणालं, की दुसरं वाक्य तयारच असतं: स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपासून हे आपण ऐकतो. ‘स्वैर’ म्हणजे स्वतःच्या इच्छेनं जाणारा. मग स्वतंत्र माणूस कुणाच्या इच्छेनं जातो? दुसऱ्याला इजा करू नये एवढंच म्हणायचं असेल तर तेवढंच म्हणावं. पण बहुतेक वेळा हे वाक्य इजा होण्याआधी, फक्त इच्छा दिसल्याबरोबर म्हटलं जातं. मनुस्मृतीनं स्त्रीला स्वातंत्र्य नाकारलं तेव्हाही शब्द हाच होता. तो परकीयांनी आणलेला नव्हता. आपल्याच ग्रंथात होता, नकाराच्या वाक्यात.

एकोणिसाव्या शतकात दोन माणसांनी ही अडखळ ओळखली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली पुस्तकाला नाव दिलं ‘गुलामगिरी’, आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. आपण ज्याला रीत म्हणत होतो, धर्म म्हणत होतो, त्याला त्यांनी हा शब्द लावला. दुसरे आगरकर. १८८१ मध्ये केसरी सुरू झाला तेव्हाचे ते संपादक. १८८७ मध्ये बाहेर पडले, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. परक्या राज्यापासूनचं आणि घरातल्या रूढीपासूनचं, ही दोन स्वातंत्र्यं वेगळी मोजली पाहिजेत, हे त्यांनी लावून धरलं. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. मित्रांना सोडून गेलेला, समाजाला सोडून गेलेला, म्हणजे आजच्या भाषेत काय? गद्दारच की.

आणीबाणीत हे पुन्हा दिसलं. तेव्हाचा आवडता शब्द होता ‘अनुशासन’. १९७५ च्या डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन झालं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. अध्यक्ष दुर्गा भागवत. त्यांनी व्यासपीठावरून आणीबाणीला विरोध केला आणि आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. दुर्गाबाईंनी मुभा मागितली नाही, हे आम्हाला इथे महत्त्वाचं वाटतं.

एकटा आणि जमाव

आता तिन्ही गट एका जागी आणू. १९८५ साली संविधानाला दहावी अनुसूची जोडली, पक्षांतराला आळा घालण्यासाठी. हेतू चांगला होता. १९६७ पासूनचा ‘आयाराम गयाराम’ लोकांना नकोसा झाला होता. पण नियम वाचा. एकट्या सदस्यानं पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. आधी एक-तृतीयांश सदस्य फुटले तर संरक्षण होतं. २००३ मध्ये ते काढलं. दोन-तृतीयांश सदस्यांच्या संमतीनं विलीनीकरण मात्र अजूनही चालतं. म्हणजे एकटा गेला तर पक्षांतर, जमावानं गेले तर विलीनीकरण. चोरीला असा नियम लावून बघा!

२०२२ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात जे झालं त्यात कोण बरोबर हे सांगायला आम्ही आलेलो नाही. शब्द तेवढे आठवा. एका बाजूनं ‘गद्दार’, दुसऱ्या बाजूनं ‘उठाव’ आणि ‘खुद्दार’. दोन्हीकडे ‘निष्ठा’. भांडण एवढ्यावर की जुन्या धन्याचा खरा वारस कोण. मतदाराला काय सांगून मत घेतलं होतं, हा प्रश्न दोन्ही शब्दसंग्रहांत मावत नव्हता. आणि ‘निष्ठावंत’ हा शब्द तर आता थट्टेचा झाला आहे: ज्याला तिकीट मिळालं नाही तो.

या भाषेत एकट्याच्या विवेकाला शब्दच नाही का? आहे: सदसद्विवेकबुद्धी. उच्चारताना धाप लागते, घोषणेत बसत नाही. दुसरा आहे ‘आतला आवाज’. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी विवेकानं मत द्यायला सांगितलं, पक्षाचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी हरले आणि गिरी निवडून आले. आतला आवाज दिल्लीतून आला! एकट्याचा शब्दसुद्धा आपण जमावाला देऊन टाकला.

आणि तरी आपल्याकडे एक कागद आहे. आमदार, खासदार, मंत्री शपथ घेतात ती संविधानाबद्दल श्रद्धा आणि निष्ठा बाळगण्याची. पक्षाचं नाव तिथे नाही, नेत्याचं नाही. मीठ नाही, वतन नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी इशारा दिला होता: धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. ते शपथेतल्या निष्ठेचं दुसरं अंग आहे. ज्या कागदाशी निष्ठा मागितली, तोच कागद एकविसाव्या अनुच्छेदात सांगतो की व्यक्तिगत स्वातंत्र्य कुणाच्या मेहेरबानीवर नाही. जुन्या करारात निष्ठा दिली की स्वातंत्र्य संपायचं. इथे निष्ठा कशाशी, तर सगळ्यांच्या स्वातंत्र्याशी. मराठीत हा करार नवा आहे, आणि आपण तो जुन्या भांड्यात भरून ठेवला आहे.

प्रश्नोत्तरं

एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली आहे: मग पक्ष सोडणाऱ्याला काय म्हणावं? विशेषण लावण्याआधी तीन गोष्टी विचारू या. कुणाला दिलेला शब्द त्यानं मोडला? जाण्याआधी मतदारांना तोंडावर सांगितलं का? आणि जुन्या मतांवर मिळालेली जागा सोडून गेला, की घेऊन गेला? राजीनामा देऊन पुन्हा मत मागायला आलेल्या माणसाला आम्ही गद्दार म्हणणार नाही, तो आमच्या मताविरुद्ध गेला तरी.

दुसरा प्रश्न: हे सगळे अरबी-फारसी शब्द टाकून शुद्ध मराठी शब्द घेतले तर? प्रयोग जुना आहे. शिवाजी महाराजांनीच राज्यव्यवहारकोश करून घेतला होता, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. राज्याला स्वतःची भाषा हवी, हे त्यामागचं दुखणं खरं होतं. पण निमकहराम काढून तिथे कृतघ्न बसवलं तरी मीठ तेच राहतं. मुभा काढून अनुमती घातली तरी दोरी त्याच हातात. शब्दाचं कूळ बदलून भागत नाही. करार बदलावा लागतो.

तेव्हा घरी जाताना एवढंच करा. उद्या कुणी तुम्हाला म्हणालं, ‘आम्ही तुम्हाला बोलण्याची मोकळीक दिली’, तर भांडू नका. फक्त विचारा, ती तुमच्याकडे आली कुठून?